अंक सत्तावन्न

वाजिद नदाफ यांच्या भुवया मला त्यांच्या आधी दिसल्या. २०१८ सालचा जून होता. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि मंगळवारी-शुक्रवारी सकाळी मी भोरच्या एका वाचनालयात टेबलापाशी बसत असे. काम फारसं नसे. सुटलेली पानं चिकटवायची, पुस्तकांना नंबर घालायचे. त्या दिवशी दारात एक गृहस्थ उभे राहिले. चपला बाहेर काढून आले, जे तिथं कोणी करत नाही. भुवया पांढऱ्याशुभ्र आणि दाट. मला वाटलं, सत्तरी ओलांडलेली असावी.

"सर, चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं हायेत का?"

"बालविभाग तिकडे आहे. नातवासाठी हवीत का?"

"न्हाई, मला. म्हंजे मला आन् माझ्या भैनीला. पर पहिल्यापासनं पायजेत."

"कशाच्या पहिल्यापासून?"

"चित्रांची पुस्तकं छापायला लागले, तवापासनं. वर्साच्या वर्साला. मधलं कायबी सोडायचं न्हाई."

एवढं बोलून त्यांनी रुमालानं घाम पुसला आणि त्यांची एक भुवई काळी झाली. पांढरा होता तो कापूस. बाजारातून नदीकडे उतरताना डाव्या हाताला त्यांचं गादीचं दुकान आहे, आणि पिंजायच्या मशीनवरून ते तसेच उठून आले होते. वय एकोणपन्नास.

मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. पहिली वर्षं वेल्ह्याकडच्या एका शाळेत आणि पुढची भोरमध्ये. एवढ्या काळात आपण होऊन "पहिल्यापासून पायजे" म्हणणारा एकही माणूस मला भेटला नव्हता. मुलं "परीक्षेला काय येणार" एवढंच विचारत. मी खुर्ची पुढे केली.

हळूहळू कळलं ते असं. आई लवकर गेली, तेव्हा वाजिदभाई चार वर्षांचे होते आणि थोरली बहीण खातून दहाची. तिची शाळा तिथंच सुटली. वडील मशीनवर कापूस पिंजायचे, खोळ भरायचे, आणि भरलेल्या गादीला दाभणानं टाके घालायचं काम खातूनकडे असायचं. वाजिद वाचायला शिकला तसा तिच्याजवळ बसून चित्रकथा वाचून दाखवू लागला. तिचे हात गुंतलेले, म्हणून पानं तो उलटायचा. चित्र आलं की पुस्तक तिच्या तोंडासमोर धरायचा आणि तिची मान हलली की पुढं जायचा.

त्यात त्या दोघांची लाडकी एक मालिका होती, 'निळा स्वार'. एक तरुण राजाचा खलिता घेऊन घोड्यावरून निघतो. खलिता दुसऱ्याच अंकात पोचतो. उरलेले सगळे अंक तो घरी परत यायला निघालेला असतो आणि वाटेत काही ना काही होत राहतं. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, एक लहान चौकट असे. घराचं दार, आणि दारात सूप घेऊन धान्य पाखडत बसलेली त्याची आई.

भोरला तेव्हा अंक येत ते कसेही. कधी एसटीतून कोणी आणलेला, कधी गादी भरायला दिलेल्या घरातून मागून आणलेला. नंबराचा मेळ नसे. एकदा वाजिदच्या हाती एकतिसावा अंक लागला. त्यात स्वाराचा घोडा दरीत पडून मरतो. खातूननं दाभण खाली ठेवलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. आठवड्यानं चोविसावा अंक मिळाला. वाजिद उड्या मारत आला, "आपा, घोडा जित्ता हाय की गं!" अकरा वर्षांच्या त्या पोराला तिनं एक ठेवून दिली.

"मेल्याला मागं आणून परत मारतोस व्हय माझ्यापुढं?"

त्या दिवशी त्यानं शब्द दिला, की आता नंबरानंच वाचीन, एकसुद्धा सोडणार नाही. पण तो पाळायला वेळ मिळाला नाही. १९८१ साली अठराव्या वर्षी खातूनचं लग्न झालं आणि ती सारोळ्याला गेली. वाजिदनं पुस्तकं सोडून दिली.

"एकट्यानं काय वाचायचं, सर? कुणाला दाखवायचं चित्र?" ते मला म्हणाले.

छत्तीस वर्षांनी नवरा वारल्यावर खातूनआपा माहेरी परत आल्या. मुलं-सुना सारोळ्यातच होत्या, पण आपांना भावाकडे राहायचं होतं. आल्या तशा दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या, दाभण मागून घेतलं आणि टाके घालायला बसल्या. दुपारी चहा पिताना त्यांनी भावाला विचारलं, "वाजू, तो निळा स्वार घरी पोचला का रं शेवटी?"

वाजिदभाईंना माहीत नव्हतं.

"सासरी भाकऱ्या थापताना लई वेळा मनात यायचं," आपांनी मला पुढं एकदा सांगितलं. "म्हंजे रोज न्हाई. पर आलं की आपलं येतच ऱ्हायाचं. म्हातारी सुपातलं पाखडून पाखडून किती पाखडंल?"

वाजिदभाईंनी ठरवलं की या वेळी सगळं नीट करायचं. नुसता निळा स्वार नाही. चित्रकथा जिथून सुरू झाल्या तिथून निघायचं, साला-सालानं पुढं यायचं, आणि निळा स्वार त्याच्या त्याच्या वर्षी येईल तेव्हा येईल. लहानपणी दिलेला शब्द ते असा व्याजासकट पाळणार होते.

मी त्यांना वही करून दिली. लांब पुठ्ठ्याची. रकाने आखले: सन, नाव, अंक, कुठे मिळाला, वाचला. पहिली नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे. खरं सांगायचं तर त्या वहीचा मला त्यांच्याहून जास्त अभिमान होता.

पुस्तकं जमवण्यात दीड वर्ष गेलं. वाचनालयाच्या माळ्यावर कोणा पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्रातली चित्रं कापून चिकटवलेल्या तीन वह्या निघाल्या. त्यांपासून सुरुवात झाली. शाळांची जुनी कपाटं आम्ही पालथी घातली. वरवे बुद्रुकच्या फुलाबाईंनी पापडाच्या डब्यांच्या तळाशी नऊ अंक अंथरले होते. "काढून दिईन, पर आधी माझी गादी पिंजून द्या," त्या म्हणाल्या. वाजिदभाईंनी गादी पिंजून दिली आणि पापडखाराचा वास असलेले नऊ अंक घेऊन आले. सगळ्यांत मोठं घबाड मिळालं सारोळ्यात, नीरेच्या पुलाजवळच्या एका ढाब्याच्या माळ्यावर. त्यात निळ्या स्वाराचे अठ्ठावन्न ते चौसष्ट असे सलग सात अंक होते, आणि चौसष्टाव्यावर 'अखेरचा अंक' असं छापलं होतं. ज्या घरात आपा छत्तीस वर्षं भाकऱ्या थापत होत्या, तिथून तो ढाबा दिसतो.

ते सात अंक वाजिदभाईंनी न उघडता पत्र्याच्या पेटीत ठेवले.

वाचन दुपारी तीन ते साडेचार चाले. त्या वेळी मशीन बंद असे. गादी जमिनीवर पसरलेली, एका कडेला आपा दाभण घेऊन, दुसऱ्या कडेला वाजिदभाई पुस्तक घेऊन. मी बहुतेक शुक्रवारी जात असे. वाजिदभाई वाचत ते शाळेतल्या मुलासारखं, सगळ्या पात्रांना एकाच आवाजात. पण तो आवाज आपांना पुरत होता. मान हलली की पान उलटत असे.

सुरुवातीची पुस्तकं पाहून त्या म्हणाल्या, "ह्यात माणसं बोलत न्हाईत व्हय?" खरंच होतं. त्या काळातल्या चित्रांत मजकूर खाली ओळीनं छापलेला असे. पुढं माणसांच्या तोंडातून बोलणं फुग्यात बाहेर यायला लागलं तेव्हा आपांनी सुटकेचा श्वास टाकला. "आता कशी तोंडं उघडली."

इतिहास मी शिकवत असलो तरी त्या दुकानात नजर त्यांचीच तयार होती. पुष्कळ अंकांवर साल छापलेलं नसे. एकदा मी एका अंकाला अंदाजानं १९६५ घातलं. आपांनी टाका अर्धा सोडून पुस्तक जवळ घेतलं.

"मास्तर, हे खाली घाला. सत्तरच्या म्होरं."

"कशावरून?"

"राणीच्या पोलक्याची बाही बघा की. अशी बाही आमच्या चुलतीनं शिवली तवा मी शाळंत हुते. त्याच्या आधी असली बाही भोरात तरी नव्हती."

"राणी भोरची नाही, आपा."

"पर चित्र काढणारा कुठल्यातरी गावचाच आसंल ना!"

मी खोडलं आणि १९७१ लिहिलं. पुढं दुसऱ्या एका अंकाच्या जाहिरातीवरून कळलं की ते १९७१च होतं. त्यानंतर बाही, स्टोव्ह, वेणी, राजाच्या मिश्या, सगळं आपांना दाखवून मगच मी साल घालू लागलो. असा निकाल त्यांनी दिला की वाजिदभाई माझ्याकडे बघून हसत. "सर, तुमची नापास झाली की ही हिस्टरी."

टाळेबंदीच्या दोन वर्षांत दुकान बरेच महिने बंद, पण शटरच्या आत वाचन जोरात चाललं. वाचन १९७६ सालापर्यंत आलं आणि निळ्या स्वाराचा पहिला अंक आला तेव्हा वाजिदभाईंनी मला मुद्दाम फोन करून बोलावलं. अर्ध्या वर केलेल्या शटरखालून मी आत गेलो. आपांनी त्या दिवशी पहिली पाच पानं एकही टाका घातला नाही. एकतिसाव्या अंकाला घोडा पुन्हा मेला. आपा जेवल्या का, ते मी विचारलं नाही.

२०२२च्या जुलैत ते छप्पन्नाव्या अंकापाशी आले. स्वार नदीच्या अलीकडच्या काठावर, पूल जळतोय, पलीकडे त्याच्या गावची वाट. आणि सत्तावन्नावा अंक नव्हता.

बाकी सगळं होतं. अठ्ठावन्नपासून शेवटापर्यंत पेटीत होतं. नव्हता तो फक्त एक अंक. वाजिदभाईंच्या नेमाप्रमाणे तो मिळेपर्यंत पुढचं सगळं थांबलं. निळा स्वारच नव्हे, तर १९८१ सालची बाकीची पुस्तकंही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, स्नेहल, पुण्यात नोकरी करते. तिला मी अंकाचं काम सांगितलं. तिनं जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली, मोबाईलवरच्या संग्राहकांच्या गटांत विचारलं. सप्टेंबरात तिचा फोन आला. एका संग्राहकाकडे अंक आहे, पण तो बाहेरगावी गेलाय, आला की देतो म्हणालाय.

याच दिवसांत आपांच्या पायांवर सूज यायला लागली. चार पावलं चाललं की धाप. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय मोठं झालंय, जपा. म्हणजे किती जपा, ते त्यांनी वाजिदभाईंना बाहेर बोलावून सांगितलं आणि वाजिदभाईंनी मला. आपांचं दाभण सुटलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, स्वतःच टाके घातलेल्या गादीवर त्या भिंतीला टेकून बसत. नव्यानं वाचायला काही नव्हतं, म्हणून वाजिदभाई जुनेच अंक पुन्हा वाचून दाखवत.

"झालेलं कितीदा सांगतोस?" त्या म्हणायच्या. "तो घरी जातो का न्हाई, तेवढं सांग की रं. पेटीत हाय ना?"

"सगळं सांगतो, आपा. मधलं येऊ दे. नंबरानंच वाचायचं, तूच म्हणली हुतीस."

"म्या म्हणलं तवा तू अकरा वर्साचा हुतास, वाजू! आता दाढी पिकली." मग माझ्याकडे वळून, "तू आन् तुझा मास्तर. दोघं मिळून मला कयामतीपातुर बशिवणार हितंच."

आम्ही तिघंही हसलो. मला ते हसणं आठवतं.

नोव्हेंबरात पालीला बारा गाद्या पोचवायच्या होत्या. राजगडाला जाणाऱ्या ट्रेकर लोकांसाठी माऊलीनं घरामागे दोन खोल्या बांधल्यात. तो माझा वेल्ह्याकडचा विद्यार्थी, म्हणून मीही टेम्पोत बसलो. गाद्या उतरवल्या, माऊलीनं चहा दिला. किल्ल्यावरून उतरलेली शहरातली पाच-सहा मुलं ओसरीवर पाय पसरून पडली होती. वाजिदभाई कपातल्या चहाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "सर, एक विचारू का?"

"विचारा की."

"चौसष्ट वाचून दाखवू का आपाला? एकदम?"

मला प्रश्न नीट कळला होता. तो कशासाठी विचारलाय हेही कळलं होतं. डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत होतं. आणि तरी मी जे बोललो ते मास्तरच्या आवाजात बोललो.

"वाजिदभाई, चार वर्षं तुम्ही एक पान गाळलं नाही. आता एका अंकासाठी सगळं मोडायचं? सत्तावन्न सापडलाय, यायचाच राहिलाय. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. आणि मधलं काही न कळता शेवट ऐकून त्यांना तरी काय गोडी?"

ते म्हणाले, "व्हय. ते बी खरंच."

माऊली आतून ओरडला, "सर, अजून एक च्या?" आम्ही नको म्हणालो आणि निघालो. परतीच्या वाटेवर वाजिदभाई टेम्पोवाल्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होते. मी वहीचा विचार करत होतो. एकही रकाना रिकामा नसलेली ती वही पुढं वाचनालयाला भेट द्यावी, असं काहीसं.

संग्राहक परत आला तो डिसेंबर संपताना. मग त्याला अंक सापडेना. मग सापडला. स्नेहल फोनवर सांगत राहिली आणि मी दुकानात निरोप देत राहिलो, "आला, आला."

२०२३च्या जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा वाजिदभाई औषधं आणायला गेले होते. आपा जाग्या होत्या. आवाज अगदी बारीक झाला होता, पण डोळे तसेच, बाहीवरून साल ओळखणारे.

"मास्तर, तुमाला तरी म्हाईत हाय का, तो पोचतो का ते?"

"नाही हो आपा. मी वाचलं नाही."

"मग वाचा की. तुमचा काय नेम हाय व्हय?"

पत्र्याची पेटी माझ्यापासून दोन हातांवर होती. तिला कुलूप नव्हतं. झाकण उचलायचं, वरचाच अंक काढायचा, दोन मिनिटं बघायचं, एक वाक्य सांगायचं. मी म्हणालो, "वाजिदभाई येऊ देत. त्यांच्याच तोंडून ऐका. चार-आठ दिवसांत अंक येतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.

त्याच रविवारी सकाळी खातूनआपा गेल्या. सारोळ्याहून मुलं आली. दुकान तीन दिवस बंद होतं.

सत्तावन्नावा अंक कुरिअरनं माझ्या घरी आला तो त्या गेल्यावर अकरा दिवसांनी. स्नेहलनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पुठ्ठा लावून पाठवला होता. आत चिठ्ठी होती: 'सर, उशीर झाला, सॉरी. पण कंडिशन मस्त आहे!' तिला मी आपांबद्दल काही कळवलं नव्हतं.

अंक घेऊन मी दुकानात गेलो. वाजिदभाईंनी हात पुसून तो घेतला, मुखपृष्ठ पाहिलं, उलटा करून शेवटच्या पानावरची खालची चौकट पाहिली. म्हातारी सूप घेऊन बसलेली होती. मग ते उठले आणि वही काढून माझ्यापुढं ठेवली.

"लिवा, सर. आला म्हणून."

मी लिहिलं: सन १९८१, निळा स्वार, अंक ५७, पुणे. 'वाचला' या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली.

"वाजिदभाई, पालीला मीच नको म्हणालो होतो," मी म्हणालो. हे वाक्य मी घरून जुळवून आणलं होतं आणि त्याच्या पुढचीही दोन वाक्यं जुळवली होती. ती बोलता आली नाहीत.

ते बराच वेळ मशीनच्या पट्ट्यावरचा कापूस नखानं काढत राहिले.

"तुमी नको म्हणाला म्हणून न्हाई, सर. तुमी नको म्हणावं म्हणूनच म्या तुमाला विचारलं. व्हय म्हणणारं दुसरं कुणीबी हुतं की. माऊलीला विचारलं असतं तर त्यो काय, वाचून टाक म्हणला असता." मग म्हणाले, "मला वाटायचं, गोष्ट ऱ्हायलीय तवर आपा ऱ्हाईल."

ते पेटीपाशी गेले, वरचा अंक काढून माझ्या हातात दिला. चौसष्ट.

"तुमी घरी जाऊन वाचा. पर मला सांगू नका काय झालं ते. तिला न्हाई कळलं, मग मला कशाला?"

घरी येऊन मी खिडकीशी बसलो आणि तो अंक उघडला. मधल्या सात अंकांतलं काहीही न कळता मला सगळं समजलं. पूल कसा ओलांडला, याचा उल्लेखसुद्धा नव्हता. पहिल्या पानावर तो गावच्या शिवेत येतो, दुसऱ्यावर कुत्रं त्याला ओळखतं. आणि तिसऱ्या पानावर ती कोपऱ्यातली चौकट एकदम पानभर मोठी झालेली आहे. दारात म्हातारी सूप घेऊन बसलीय. ती मान वर करते. तिच्या तोंडाशी फुगा आहे आणि त्यात एवढंच आहे, "आलास? पाय धू."

पुढची एकोणतीस पानं गावातल्या कुठल्याशा तंट्याची आहेत. ती नसती तरी चाललं असतं.

म्हातारीच्या पोलक्याची बाही मी उगाच निरखून पाहिली. आपांनी ती पाहून साल बरोबर सांगितलं असतं.

अंक मी पुढच्या शुक्रवारी परत केला. काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. असं वर्षभर चाललं. मी जातो, चहा होतो, पावसापाण्याचं बोलणं होतं. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, सुईत दोरा ओवता ओवता, वर न पाहता ते म्हणाले, "सर, कितव्या पानावर हुतं?"

काय होतं, ते नाही विचारलं. फक्त पान विचारलं. मला खोटं सांगता आलं असतं. शेवटच्या पानावर होतं, लांब होतं, असं म्हणता आलं असतं, आणि म्हणावं असं मला वाटलंही. पण त्यांची वही मी आखली होती, त्यात एकही नोंद खोटी नव्हती.

"तिसऱ्या," मी म्हणालो.

त्यांनी दोरा ओवला, गाठ मारली.

"म्हंजे च्या पिऊस्तवर झालं असतं," ते म्हणाले.

पुढं आम्ही त्यावर कधी बोललो नाही. सत्तावन्न ते चौसष्ट हे आठही अंक पत्र्याच्या पेटीत नंबरानं लावलेले आहेत आणि वहीतला तो रकाना अजून रिकामा आहे. ती वाचनालयाला द्यायचं मी पुन्हा सुचवलेलं नाही. फोमच्या तयार गाद्या आल्यापासून दुकानाचं काम कमी झालंय, तरी लग्नसराईत आणि पालीकडच्या खोल्यांसाठी मागणी असते. वाजिदभाई आता छप्पन्न वर्षांचे आहेत. भुवया धुतल्या तरी पांढऱ्याच राहतात. पिंजायच्या मशीनवर त्यांनी एक माणूस ठेवलाय आणि टाके ते स्वतः घालतात. आपांना एका गादीला पाऊण तास लागायचा. त्यांना दीड तास लागतो.